हजेरीचं रजिस्टर कुणाकडे राहणार?

पौड, ता. मुळशी,
जि. पुणे

चि. भाचेबुवा,



साक्षरता वर्गांचा तुझा प्रस्ताव पोहोचला. मोबाइलवर एवढी पानं वाचणं माझ्या डोळ्यांना झेपत नाही, म्हणून झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून घेतला आणि लाल पेन घेऊन बसले. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळांत वह्या तपासल्या, ती खोड आता कुठे जाणार! शुद्धलेखनाच्या खुणा केल्यात, त्या सावकाश बघ. बोलायचंय ते ‘संभाव्य अडथळे’ या पानाविषयी. पहिला अडथळा तू लिहिलायस, ‘ग्रामस्थांची उदासीनता’. दुसरा, ‘जनजागृतीचा अभाव’. दोन्हींवर मी काट मारली आहे.

तुझ्या साहेबांना हे पान आवडेल, कारण त्यात सगळा दोष गावाच्या पदरात पडतो आणि तुमची कंपनी मोकळी राहते. पण मी पाहिलेली मुळशीची माणसं उदासीन नाहीत, सावध आहेत. ती कशामुळे सावध आहेत हे समजून न घेता वर्ग काढलास तर पहिल्या आठवड्यात सतरंजी भरेल, फोटो निघतील आणि महिन्याभरात त्या सतरंजीवर शिकवणारी पोरगी एकटी बसलेली असेल.

या तालुक्यात कागदानं काय काय केलंय ते आधी ऐक. मुळा आणि निळा यांच्या खोऱ्यात धरण बांधून वीज काढायचं टाटांच्या कंपनीनं ठरवलं. चाचणीचे चर खणायला माणसं थेट लोकांच्या भातखाचरांत उतरली तेव्हा मावळ्यांना कळलं, की आपली जमीन जाणार. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापटांना लोक ‘सेनापती’ म्हणायला लागले ते या लढ्यामुळे. विनायकराव भुस्कुटे गावोगाव फिरत होते. ‘जान किंवा जमीन’ अशी घोषणा होती. शेवटी जमीन गेली. पन्नासच्या आसपास गावांची शेतं, घरं, देवळं पाण्यात गेली आणि 1927 पर्यंत धरण उभं राहिलं. इथपर्यंतचं तुला शाळेत कुणीतरी सांगितलं असेल. पुढचं या लढ्यावरच्या राजेंद्र व्होरांच्या पुस्तकात आहे, ते मुद्दाम वाच. कसणारा मावळा एक आणि कागदावरचा मालक दुसरा, अशी पुष्कळ जमिनींची स्थिती होती. कर्जापायी त्या पुण्याच्या सावकारांच्या ताब्यात गेलेल्या. 1894 च्या भूसंपादन कायद्यानं मोबदला द्यायची वेळ आली, तेव्हा सावकाराचं हित एका बाजूला आणि नांगर धरणाऱ्याचं दुसऱ्या बाजूला पडलं. ज्याला वाचता येत होतं त्याचं फारसं बुडालं नाही.

शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सोडून देऊ नकोस. हिंजवडीत तुझं आयटी पार्क आलं, पिरंगुटला कारखाने आले, मोसे खोऱ्यात लवासा आली, भूगाव-भुकूमला इमारती आणि वर खोऱ्यांत फार्महाऊसचे प्लॉट. दर वेळी गावात आधी येतो तो कागद. एजंट येतो, चहा पितो, स्टॅम्प पेपर काढतो, ‘इथं अंगठा द्या आजी’ म्हणतो. 2018 च्या ‘मुळशी पॅटर्न’ सिनेमात जमिनी विकून बसलेल्यांच्या पोरांची गत दाखवली, म्हणून सगळ्या महाराष्ट्राला तालुक्याचं नाव ठाऊक झालं. आजीचा अंगठा त्या सिनेमाच्या आधीचा आहे. आता तू विचार कर : गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, गोड बोलणारा, चांगल्या घरचा पोरगा दारात येऊन ‘नोंदणी’ करतो म्हणतो, आधार कार्ड मागतो, अर्जावर सही नाही तर अंगठा मागतो. आजीनं ‘पोरगा घरी आल्यावर बघू’ म्हटलं, तर त्याला उदासीनता म्हणायचं?

याच कागदाला आणखी एक पदर आहे आणि तो तुझ्या प्रस्तावात कुठेच नाही. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात 1994 ला झाली आणि 2005 ला देशभर लागू झाली. तेव्हापासून जमीन विकायची म्हटली की बहिणींच्या सह्या लागतात. मग सासरी गाडी जाते, साडी-चोळी होते, जेवण होतं आणि बहीण तालुक्याच्या ठिकाणी येऊन हक्कसोडपत्रावर अंगठा उठवून परत जाते. आपल्याच नात्यागोत्यात हे झालेलं आहे, नावं घेत नाही. बाई वाचायला शिकली तर पाटी वाचेल, एसटीचा बोर्ड वाचेल, पोथी वाचेल, इथवर सगळ्यांना चालतं. हक्कसोडपत्र वाचायला लागली तर काय, हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही. पण घरातल्या पुरुषांच्या मनात तो असतो. तुझ्या ‘ग्रामसमिती’त तू गावातली प्रतिष्ठित मंडळी घेतली आहेस. त्यातल्या एकदोघांचा जमिनीच्या खरेदी-विक्रीचा धंदा असणार, कारण मुळशीत प्रतिष्ठा हल्ली तिथूनच येते. ते वर्गाला विरोध करणार नाहीत. उद्घाटनाला नारळ फोडतील, भाषण करतील. फक्त वर्ग भरायच्या वेळी देवळाची किल्ली सापडणार नाही.

समितीत त्यांना घेऊ नको असं मी म्हणत नाही. गावात राहून त्यांना टाळता येत नाही. पण वर्गाची जागा, वेळ आणि किल्ली त्यांच्या हाती ठेवू नकोस.

आता निरक्षर म्हणजे नेमकं कोण ते बघ. 2011 च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची साक्षरता 86.15 टक्के होती, महाराष्ट्राची 82.34. हा आकडा बघून तुमच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालंच असेल, की काम थोडंच उरलंय. उरलंय ते थोडं, पण तेच अवघड. शाळा जवळ होती, घर बऱ्यापैकी होतं, ते सगळे शिकून गेले. मागे राहिल्या पन्नाशी ओलांडलेल्या बाया, डोंगराच्या अंगावरचे धनगरवाडे, कातकरी वाड्या आणि तुमच्याच इमारतींच्या बांधकामांवर आलेले मजूर. या चौघांना एका वर्गात बसवता येत नाही आणि एका महिन्यात गाठताही येत नाही. लवळ्याच्या टेकड्यांवर दोन-दोन विद्यापीठं आहेत, पौडजवळच्या डोंगरावर देशोदेशीची मुलं शिकतात असं कॉलेज आहे आणि त्याच डोंगरांच्या पायथ्याशी रेशनच्या दुकानात अंगठा लावायला रांग उभी असते. (आता मशीनमुळे शिकलेल्यालाही अंगठाच लावावा लागतो, हा सरकारी विनोद वेगळा.)

तुझ्या प्रस्तावातलं ‘भागीदारी’चं चित्र मला आवडलं. मध्ये गोल, भोवती कंपनी, शाळा, ग्रामपंचायत, कॉलेज, बचत गट असे गोल आणि सगळ्यांना जोडणारे बाण. कागदावर ते बाण सुरेख जातात. जमिनीवर प्रत्येक गोलाकडे स्वतःचं रजिस्टर असतं, खरी अडचण तिथे आहे. तुमच्या कंपनीला 2013 च्या कंपनी कायद्यानं सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामावर खर्चायचे आहेत, त्याचा हिशोब मार्चअखेर हवा. शाळेला साक्षरतेच्या ‘उल्लास’ योजनेत नावं नोंदवायची आहेत. कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेला सात दिवसांच्या शिबिराचा अहवाल हवा, बचत गटांचं काम बघणाऱ्या ‘उमेद’च्या ताईंना गटाच्या बैठकांचा. प्रत्येकाला स्वतःची संख्या पाहिजे, दुसऱ्याबरोबर वाटून घेतलेली चालत नाही. मग तीच आजी चार ठिकाणी साक्षर होते आणि पाचव्यांदा कुणी आलं, तर पुन्हा अंगठा पुढे करते. तिला त्यात खोटं काही वाटत नाही. आलेल्याचं काम व्हावं, एवढाच तिचा पाहुणचार.

शिक्षकांविषयी तू जरा फणकाऱ्यानं लिहिलंयस, की ‘शाळांचं सहकार्य मिळत नाही’. ते वाक्य माझ्यासमोर लिहायला तू धजावलास याचं नवल वाटलं. ‘उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रम’ केंद्रानं 2022 ते 2027 साठी आणला. त्यात शिकवणारा स्वयंसेवक बिनपगारी आणि निरक्षर शोधायचं काम आलं गुरुजींकडे. 2023 मध्ये राज्यभरच्या शिक्षक संघटनांनी त्या सर्वेक्षणावर बहिष्कार टाकला. अशैक्षणिक काम म्हणाले. निरक्षराला शिकवणं अशैक्षणिक कसं, असं विचारून वर्तमानपत्रांनी टोमणे मारले. मला दोन्ही बाजू कळतात. निवडणूक, जनगणना, पोषण आहाराचे तांदूळ, रोजची ऑनलाइन माहिती हे सगळं झाल्यावर दोन शिक्षकी शाळेतल्या बाईनं उन्हात घरोघर फिरून ‘तुम्हाला वाचता येतं का हो’ विचारायचं. आणि तो प्रश्न चारचौघांत विचारल्यावर ‘नाही’ म्हणणारा माणूस तिला भेटायचा कसा? तू शाळेकडे जाशील तेव्हा काम घेऊन जाऊ नकोस. तिचं एखादं काम कमी करून दे. माहिती भरायला तुझ्या कंपनीतली दोन पोरं शनिवारी बसव. मग बघ, बाई स्वतःहून कुणाच्या घरी जायचं ते सांगतील की नाही.

शाळेची आणखी एक भीती आहे, ती बाहेरच्याला दिसत नाही. वरच्या खोऱ्यांतल्या शाळांची पटसंख्या विसाच्या खाली आहे. सप्टेंबर 2023 मध्ये सरकारनं कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले आणि त्यासाठी नंदुरबारच्या तोरणमाळबरोबर आपल्या शेजारच्या पानशेतचं उदाहरण दिलं. पानशेतची शाळा चांगली असेल, माझी तक्रार नाही. पण तेव्हापासून वाडीवरच्या माणसाला वाटतं, की कुणी मोजायला आलं म्हणजे शाळा बंद करायलाच आलं. ज्याची शाळा उद्या जाईल की परवा ते माहीत नाही, त्याला तू ‘शिक्षणात भागीदार व्हा’ म्हणतोस. शाळा व्यवस्थापन समितीचंही तसंच. कायद्यानं तिच्यात पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या बाया असायला हव्यात. आणि बैठक सकाळी अकराला! त्या वेळी कुठली आई मोकळी असते? पिरंगुटच्या कारखान्यात पहिली पाळी सुरू असते, खाचरात माणसं वाकलेली असतात. सही मात्र रजिस्टरवर येते. सह्या गोळा करणं हेही एक कौशल्य आहे आणि ते आम्हा शिक्षकांना चांगलं जमतं.

आता वेळापत्रक. तुझ्या प्रस्तावाचा सगळ्यात मोठा घोळ इथे आहे, म्हणून यावर जास्त लिहिते. एप्रिलमध्ये मंजुरी, जूनमध्ये सर्वेक्षण, जुलै ते डिसेंबर वर्ग, मार्चमध्ये मूल्यमापन, असं तू आखलंयस. तुमच्या ऑफिसात ते वर्ष बरोबर बसतं. मुळशीच्या पावसात बसत नाही. जुलैत भातलावणी असते. माणसं पहाटेपासून अंधार पडेपर्यंत चिखलात, संध्याकाळी अंग मोडून आलेलं, चुली धुमसतायत, वीज गेलेली. ताम्हिणीकडच्या पावसात दोन वाड्यांमधला ओढासुद्धा ओलांडता येत नाही. ऑगस्ट सरताना जरा उसंत, मग गौरी-गणपती, मग कापणी-झोडणी. दिवाळीनंतर कुठे बाया मोकळ्या होतात. खरा वर्ग तेव्हापासून शिमग्यापर्यंत.

आणि कातकऱ्यांचं याच्या नेमकं उलटं. दिवाळी झाली की मुकादम उचल देऊन जातो आणि वाडीच्या वाडी वीटभट्टीवर नाही तर कोळशाच्या कामावर निघते. मागे म्हातारी आणि कुत्री. परत येतात ते पावसाच्या तोंडावर. म्हणजे बाकीच्या गावासाठी वर्ग सुरू होतो तेव्हा कातकरी नसतो आणि कातकरी येतो तेव्हा वर्ग बंद असतो. राज्यात ‘उल्लास’ची परीक्षा 17 मार्च 2024 ला झाली. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी 50 गुण, सोपा पेपर. पण मार्चमध्ये भट्ट्या भरात असतात. केंद्र शासनाच्या यादीत कातकरी ही विशेष असुरक्षित जमात. महाराष्ट्रात अशा तीनच, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. सगळ्यात आधी ज्यांच्यापर्यंत पोहोचायचं ते परीक्षेच्या दिवशी गावात नाहीत आणि अहवालात मात्र ‘गैरहजर’ लिहिले जातात.

यावर उपाय झालेले आहेत, तुला नव्यानं शोधायचे नाहीत. ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेनं नव्वदच्या दशकात वीटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी भोंगा शाळा काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरचं मजुरांचं खोपट. जिथे माणूस, तिथे शाळा. पुण्यात बांधकामांवरच्या मुलांसाठी डोअर स्टेप स्कूल 1993 पासून हेच करतेय. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये पुण्यात कामकऱ्यांसाठी शाळा काढली ती रात्रीची. वेळ शिकणाऱ्याची धरायची, एवढं दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी ठरून गेलंय. तुमच्या कंपनीला खरोखर भागीदार व्हायचं असेल, तर मार्चअखेरचा हट्ट सोडायला सांग. दोन वर्षांचा कार्यक्रम, दोन वेळापत्रकं, एक गावासाठी आणि एक वाडीसाठी. साहेब म्हणतील नियमात बसत नाही. बसतं, कायद्यात अनेक वर्षं चालणारा प्रकल्प धरायची सोय आहे. वकिलाला विचार.

वर्ग कुठे बसवणार, हे तू एका ओळीत उरकलंस : ‘समाजमंदिर अथवा मंदिर’. अरे बाबा, ही एक ओळ म्हणजे अख्खं गाव आहे. मारुतीच्या देवळात कातकरी बाई येऊन सतरंजीच्या मध्यावर बसेल का? कुणी मनाई करणार नाही, ती आपणच दाराशी बसेल आणि दुसऱ्या दिवशी येणार नाही. समाजमंदिर ज्या आळीत, त्या आळीचं. ग्रामपंचायतीचं सभागृह सरपंचाच्या गटाचं. निवडणूक जवळ आली असेल तर दुसऱ्या गटाच्या बाया तिथे पाऊल ठेवणार नाहीत, नवरेच ठेवू देणार नाहीत. सून ज्या वर्गात, तिथे सासू बसत नाही आणि सासऱ्यासमोर सून तोंड उघडत नाही. पुरुषांचं तर विचारूच नकोस. साठीच्या माणसाला ‘मला येत नाही’ हे कबूल करण्यापेक्षा चष्मा घरी विसरला म्हणणं सोपं. तू एका मोठ्या वर्गाऐवजी ओसरीओसरीवर चार-पाच जणींचे वर्ग धर. आकडा लहान दिसेल. दिसू दे.

मुरबाड तालुक्यातलं फांगणे ऐकलंयस ना? 8 मार्च 2016 ला तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली, शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकारानं. गुलाबी लुगडी, पाठीवर दप्तर, त्यामुळे फोटो जगभर गेले. फोटोच्या मागचं बघ. गावात पारायण चाललेलं असताना आज्यांनी म्हटलं, आम्हालाही पोथी वाचता आली पाहिजे. मागणी त्यांची. शिकवायला गावातलीच सून. वेळ दुपारची, कामं आटोपल्यावर. पाटी, दप्तर, लुगडी देणारा ट्रस्ट बाहेरचा, पण शाळा त्याच्या नावाची झाली नाही, ‘आजीबाईंची’च राहिली. तुझ्या कंपनीला असं नाव मागे घेता येईल का? तुझ्या प्रस्तावात फ्लेक्सचा खर्च पाट्या-पुस्तकांच्या खर्चाच्या वर लिहिलेला आहे, म्हणून विचारते.

जवळचं उदाहरण हवं तर चित्रा नाईकांचं काम वाच. भारतीय शिक्षण संस्थेतर्फे त्यांनी 1979 पासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत शाळेबाहेरच्या मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवले. गुरं राखणाऱ्या, भावंडं सांभाळणाऱ्या मुली त्यात जास्त. शिकवणारा त्याच गावचा, देखरेखीला गावाची समिती आणि परीक्षेऐवजी बालजत्रा. मुलांना काय येतं ते जत्रेत खेळांतून सगळ्यांसमोर दिसायचं. निकाल गावानं डोळ्यांनी बघितला, की मग तो अहवालात काय छापून येतो याला महत्त्व राहत नाही.

उलट दिशेचं उदाहरणही सांगते, म्हणजे तुला माझं एकतर्फी वाटायला नको. साताऱ्यात 1959 मध्ये ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. गावंच्या गावं पेटून उठली होती. शिकलेल्यानं न शिकलेल्याला शिकवायचं, अख्खं गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ. माझ्या वडिलांच्या तोंडून ते वर्णन ऐकताना अंगावर काटा यायचा. पण समारंभ झाला की मोहीम पुढच्या गावात गेली. मागे वाचायला काही उरलं नाही. पुस्तक नाही, वर्तमानपत्र नाही, लिहायचं कारण नाही. कित्येकांची अक्षरं परत पुसली गेली. गावानं सहकार्य दिलं नाही असं तिथे कुणी म्हणू शकत नाही; गावानं जेवढं मागितलं तेवढं दिलं. मागणाऱ्यानं समारंभापुरतंच मागितलं होतं.

म्हणून सुरुवात कुठून करायची ते सांगते. प्रवेशिका वापर, पण पहिल्या दिवशी बाईला तिच्याच घरातले कागद आणायला सांग. रेशनकार्ड, बचत गटाचं पुस्तक, लाइटबिल, गोळ्यांची पाकिटं. स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, गावाचं नाव त्यात शोधू दे. दोन महिन्यांनी सातबारा आणि आठ-अ. भोगवटादाराच्या रकान्यात कुणाकुणाची नावं आहेत, इतर हक्कात काय लिहिलंय, फेरफार क्रमांक कुठे असतो. हे शिकवायला निवृत्त तलाठी मिळतील, मी दोघांशी बोलून ठेवते. तिथे गावातून कुरकुर सुरू होईल. ती झाली की समज, वर्गाला वजन आलं. ज्या घरांत माळकरी बाया आहेत तिथे हरिपाठ मोठ्या अक्षरांत छापून दे. त्यांना तो तोंडपाठ असतो. म्हणत म्हणत शब्दाखाली बोट फिरवायला लागलं की अक्षरं ओळखीची व्हायला लागतात. कातकरी वाडीवर हरिपाठ नेऊ नकोस. त्यांची बोली वेगळी, गाणी वेगळी, देव वेगळे. तिथे शिकवणारी त्यांच्यातलीच हवी, सातवी-आठवीपर्यंत शिकलेली एखादी तरुण मुलगी चालेल. पदवीधर आणायचा आग्रह धरलास तर ती मुलगी गाळली जाईल.

पैशाबद्दल. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत मुष्टिफंड होता. दळायच्या आधी बाईनं मूठभर धान्य मुलांच्या वसतिगृहासाठी बाजूला काढायचं. त्या मुठीनं वसतिगृह किती चाललं हा हिशोब वेगळा. त्या बाईला वसतिगृह आपलं वाटलं. तुझ्या अंदाजपत्रकात गावानं काय द्यायचं याचा रकानाच नाही. गाव फक्त ‘लाभार्थी’. ज्याला काहीच द्यायला सांगितलं जात नाही, तो भागीदार कसा होणार? ओसरी गावाची, दिवाबत्ती गावाची, शिकवणाऱ्या मुलीचं एक वेळचं जेवण पाळीपाळीनं घराघरातून. मानधन मात्र कंपनीनं द्यायचं आणि वेळेवर द्यायचं. बिनपगारी स्वयंसेवा ज्याच्या घरी चूल पेटलेली आहे त्यालाच परवडते. मानधनही थेट वाटू नको. महिला ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाच्या, खात्यावर टाक आणि त्यांच्या हातून जाऊ दे. बचत गटांच्या बाया पैशाचा हिशोब तुमच्या ऑडिटरपेक्षा कडक ठेवतात.

शेवटचं म्हणजे ते हजेरीचं रजिस्टर. तुझ्या प्रस्तावात ते ‘प्रकल्प समन्वयका’कडे, म्हणजे तुझ्याकडे आहे, शिवाय ॲपवर. ते गावातच ठेव, ग्रामसंघाच्या कपाटात, कागदाचं. शाळेला आकडा हवा, त्यातून घ्यावा. कॉलेजला हवा, त्यातून घ्यावा. तुझ्या साहेबांना हवा, तर त्यांनी येऊन बघावा. सगळ्यांचं रजिस्टर एक झालं की एकाच आजीला चारदा साक्षर व्हावं लागणार नाही आणि वर्ग चालला की नाही हे ठरवणारा माणूस हिंजवडीत बसलेला नसेल. ग्रामसंघानं उद्या तुला सांगितलं, की अमुक वाडीवरचा वर्ग बंद करून तमुक ठिकाणी काढा, तर ते तुला ऐकावं लागेल. ते तुझ्या कंपनीला मान्य आहे का, हे आधी लेखी घे. मान्य नसेल तर ‘भागीदारी’ हा शब्द मुखपृष्ठावरून काढ आणि सरळ ‘वाटप’ लिही. वाटप करणंही काही पाप नाही, फक्त मग गावाच्या उदासीनतेवर पान लिहायचं नाही.

सुधारलेला मसुदा झाला की ये. साहेबांनाही आण, पण बॅनर नको आणि दुपारी जेवायच्या वेळी ये. मी कुणाकुणाला बोलावते ते आता सांगत नाही. त्यात एक जण असा असेल, की तो तुझं बोलणं मध्येच तोडेल. तोडू दे.

तुझी,
मावशी

ता. क. : अंदाजपत्रकात चष्म्यांचा खर्च कुठेच दिसला नाही. चाळिशीनंतर जवळचं दिसत नाही, आणि ज्या बाईला पाटीवरचं ‘क’ आणि ‘फ’ सारखंच धूसर दिसतं तिला शिकवणारीण मठ्ठ समजते. पहिल्या वर्गाच्या आधी डोळे तपासून घे. फ्लेक्सचे पैसे आहेतच, त्यातून भागेल.